फ्रेश म्हणजे काय

वैजयंतीला कशाचीच किळस येत नाही, असं सोलापूर डेपोत सगळे म्हणायचे. ती करकंबच्या गाडीवर कंडक्टर होती. गाडीत कुणाला उलटी झाली की बाकीचे कंडक्टर नाकाला रुमाल लावून दारात जाऊन उभे राहतात. ही मोहोळच्या स्टँडवर उतरून बादलीभर पाणी आणायची, सीट धुऊन काढायची, हात धुवायची आणि पुढच्या माणसाला तिकीट द्यायची. पायाखाली पानाची पिंक, शेजारच्या पिशवीतून सुकटीचा वास, कारखाना जवळ आला की खिडकीतून मळीचा भपका. "पोरी, तुझं नाक हाय का गेलं?" असं तिचे ड्रायव्हर शेखलालचाचा विचारायचे. ती म्हणायची, "नाक घरी ठेवून येते चाचा. ड्यूटीवर त्याचं काही काम नाही."

तीच वैजयंती एका रविवारी होटगी रोडच्या मंगल कार्यालयातून बाहेर पडली तेव्हा जिलेबीचा गोडवा तिच्या तोंडात अजून तसाच चिकटून होता, आणि तिला त्याची किळस येत होती. तिनं रस्त्याच्या कडेला जाऊन चूळ भरली. मग दुसऱ्यांदा भरली.

कार्यालयात वधू-वर मेळावा होता. तिचा थोरला भाऊ अभिमन्यू तिला घेऊन गेला होता. नातेपुत्याला दोन वर्षं नांदून वैजयंती माघारी आली, त्याला आता पाच वर्षं झाली होती. रीतसर सोडचिठ्ठी झाली होती. तेव्हापासून ती जुळे सोलापुरात भावाच्या घरी राहायची. भाऊ वाईट नव्हता. आई जाताना त्याला सांगून गेली होती, "हिचं बघ रे." आणि तो ते आपल्या परीनं बघत होता. मोहोळला पाण्याच्या मोटारींच्या दुकानात नोकरी, वर हे स्थळांचे फोन, आणि नातेवाइकांचे टोमणे. "बहीण अजून घरातच का?" हा प्रश्न वैजयंतीपेक्षा त्यालाच जास्त वेळा विचारला जायचा.

मेळाव्याच्या दारात टेबल मांडलं होतं. मंडळ चालवणारे चनमल्लप्पा स्वतः बसले होते, कपाळाला विभूती, गळ्यात मंडळाचा बिल्ला, समोर रंगीत फितींचे डबे.

"फ्रेश का सेकंड?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

वैजयंतीला वाटलं, सरबताचं विचारतायत.

"फ्रेश," अभिमन्यू म्हणाला.

"तसं न्हाय, ताईंनीच सांगावं. नंतर लोक आमच्या नावानं ओरडतात." चनमल्लप्पांनी आता मान वर केली. "ताई, तुमचं लग्न वगैरे काही झालेलं नाही ना? फ्रेश आहात ना?"

मागे रांग लागली होती. अभिमन्यूनं तिच्याकडं बघितलं नाही, फक्त त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि वैजयंतीनं मान हलवली. "हो," असंही म्हणाली. चनमल्लप्पांनी तिच्या खांद्यावर गुलाबी फीत टाचली.

आत गेल्यावर तिला कळलं. गुलाबी फितीवाल्या मुली पुढं बसल्या होत्या. पिवळ्या फितीवाल्या मागं, जेवणाच्या पंगतीजवळ, तिथं पंख्याचं वारं पोचत नव्हतं. पिवळ्यांमध्ये विधवा होत्या, सोडलेल्या होत्या, एक तर विशीतलीच दिसत होती. तिच्या मांडीवर लेकरू होतं आणि ती त्याला फीत तोंडात घालू देत नव्हती. पुरुषांना मात्र सगळ्यांना एकच निळी. टक्कल पडलेला, बायको वारलेला, दोनदा मोडलेला, सगळे निळेच. माइकवरून नाव, वय, शिक्षण पुकारलं जात होतं आणि शेवटी तो शब्द, "फ्रेश". शेवटी चनमल्लप्पांनी माइक हातात घेतला. "जेवण तयार आहे. ज्यांना फ्रेश व्हायचंय त्यांनी मागच्या बाजूला जावं, डावीकडं पुरुष, उजवीकडं महिला." काही पोरं फिदीफिदी हसली. कुणी तरी ओरडलं, "पिवळ्यांना पण चालंल का?"

पुढच्या रांगेत बसलेल्या वैजयंतीनं मागं वळून बघितलं नाही. तिला ती लेकरूवाली पोर दिसली असती.

स्कूटरवरून घरी जाताना ती म्हणाली, "दादा, मी दोन वर्षं नांदलेय."

"एक शब्द आहे गं," अभिमन्यू म्हणाला. "सांगायला काय जातंय? सेकंड म्हटलं की साठीचे थेरडे येतात, औषधाच्या गोळ्या द्यायला बाई पाहिजे म्हणून. तुला तसला पाहिजे?"

यात खोटं काही नव्हतं. पिवळ्या रांगेपुढं कसले कसले पुरुष घुटमळत होते ते तिनंही बघितलं होतं. पण त्या एका 'हो'नं काय पुसलं गेलं, ते तिला स्कूटरवर मागं बसल्याबसल्या हळूहळू कळत गेलं. नवरा पुसला गेला, त्याचं काही नाही. पण नातेपुत्याला तिला पाचवा महिना होता. टाकीवरून पाणी आणताना पाय घसरला, रक्त जायला लागलं आणि सासूनं "पडून राहा, थांबंल" म्हणून दिवसभर झोपवून ठेवलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग पिशवीत दोष आहे म्हणून नवऱ्यानं तिला माघारी धाडलं. त्या लेकराचं नाव या पाच वर्षांत घरात कुणी काढलं नव्हतं. आज तिनं स्वतःच मान हलवून सांगितलं होतं, की ते नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी गाडी पंढरपूरच्या पुढं निघाली, गर्दी ओसरली, तेव्हा ती केबिनजवळ जाऊन उभी राहिली.

"चाचा, फ्रेश म्हणजे काय हो?"

"हातपाय धुऊन येणं," शेखलालचाचा म्हणाले. "का गं?"

"आणि मुलगी फ्रेश असती म्हणजे?"

चाचांनी गिअर बदलला. आरशातून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडं. मग म्हणाले, "आमच्या मोहल्ल्यात पण बोलत्यात आता. कुणी शिकिवलं अल्ला जाणे. आपल्या बोलीत म्हणायची हिंमत न्हाय की कुणाची, म्हणून विंग्रजीत म्हणत्यात."

वैजयंती मागच्या सीटवर जाऊन बसली. तिनं मनातल्या मनात म्हणून बघितलं. आमच्या मुलाला ताजी मुलगी पाहिजे. ताजी आहे का? कालच्या मेळाव्यात माइकवर कुणी असं म्हटलं असतं तर लोकांनी चपला काढल्या असत्या. मटणाच्या दुकानात म्हणतात तसं. पण इंग्रजीत म्हटलं की जिलेबी वाढत होते.

पंधरवड्यात चनमल्लप्पांचा फोन आला. करकंबचं स्थळ होतं. मुलगा बिरुदेव, साखर कारखान्यावर उसाच्या वजनकाट्याला, चाळिशीचा. पहिली बायको आजारानं गेली, दुसरी वर्षाच्या आत निघून गेली. "पण माणसं लई चांगली. एकच अट, मुलगी फ्रेश पाहिजे." अभिमन्यूनं फोनवर होकार देऊन टाकला होता.

"दोन बायका करून झाल्या आणि अट घालतोय?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तू गप्प बस," अभिमन्यू म्हणाला.

वैजयंतीला त्या वेळीच नाही म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. तिला वाटलं, माणूस समोर बसला की आपण त्याला बाजूला घेऊन खरं सांगू. कदाचित तोही हसेल. दोनदा पोळलेला माणूस, त्याला कळेल. इतकी आशा तिच्या मनात होती, आणि पुढं कितीतरी दिवस तिला त्या आशेचीच सगळ्यात जास्त शिसारी येत राहिली.

रविवारी सकाळी माणसं आली. बिरुदेव, त्याची आई मथुराबाई, एक मामा आणि चनमल्लप्पा. वहिनींनी पोहे केले होते. बिरुदेव मान खाली घालून फोनवर बोट फिरवत होता. मामा खुर्चीत मांडी घालून बसले. मथुराबाईंनी वैजयंतीला नीट न्याहाळलं. "करकंबच्या गाडीवर बघितलंय की हिला. पट्टा लावून तिकटं फाडत असती. व्हय ना?" त्यांच्या दातांना मिश्री होती, आणि बोलताना काळपट थेंब ओठाच्या कोपऱ्यात जमत होता. मग त्या उठल्या. "बाय, जरा आत चल की. बायका-बायकांचं बोलायचं हाय."

आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. वैजयंतीला वाटलं, मुलाच्या आधीच्या बायकांचं काही सांगायचं असेल. मथुराबाईंनी तिचा दंड चाचपला. पाठीवरून हात फिरवला. मग सहज, भाजी निवडायला सांगावी तसं म्हणाल्या, "पदर काढ जरा. पोट बघू दे."

"का?"

"आता कसं सांगू तुला. सगळ्याच फ्रेश म्हणत्यात, पण आजकाल कुणाचा भरवसा न्हाय. मागल्या खेपेला आमची फसगत झालीया. बाई पोटुशी राहिलेली असली, पोटावर वळ असले की बाईमाणसाला लगेच कळतं." बोलता बोलता त्यांची बोटं तिच्या निऱ्यांपर्यंत पोचलीसुद्धा. मिश्रीनं ओली झालेली, थंड, खरबरीत बोटं. साडी खाली सारत होती.

वैजयंतीच्या पोटावर वळ होते. नाभीच्या खाली, डाव्या अंगाला, फिकट, दोन. अंघोळ करताना कधी कधी तिचा हात तिथं थांबायचा. त्या लेकराचं या जगात तेवढंच काय ते राहिलं होतं. आणि ते शोधायला एका परक्या बाईची बोटं तिच्या कमरेवर फिरत होती, भोपळा कुठं नासलाय का बघावं तशी.

तिनं मनगट धरून ते हात बाजूला केले. गाडीत कुणी अंगचटीला आलं की करायची तसेच, ओरडा न करता. पदर खोचला, दार उघडलं आणि ती बाहेर आली. मथुराबाई मागोमाग आल्या, "अगं, अगं" करत.

बाहेर चौघं पोहे खात होते.

"बिरुदेव," वैजयंती म्हणाली. तिचा आवाज गाडीतला झाला होता, मागच्या सीटपर्यंत पोचणारा. "तुमच्या आईला माझं पोट बघायचंय. मी फ्रेश आहे का बघायला. तर फ्रेश म्हणजे काय ते मला एकदा मराठीत सांगा. म्हणजे काय दाखवायचं ते तरी कळेल."

अभिमन्यू अर्धवट उठला. "वैजू..."

"त्यांना सांगू दे."

बिरुदेवानं आईकडं बघितलं, मग बशीकडं. "म्हणजे आपलं, तसंच. नॉर्मल."

"नॉर्मल पण इंग्रजीच झालं."

"ताई, ती एक कॅटेगरी असते," चनमल्लप्पा घाईघाईनं म्हणाले. "त्यात वाईट काही..."

"कॅटेगरीसुद्धा. मराठीत सांगा की. सगळे मराठीच बोलतो आपण."

 तेव्हा मामांनी तोंडातला घास गिळला आणि अगदी सरळ मनानं, अडाण्याला समजावून सांगावं तसं म्हणाले, "अगं बाय, सोपं हाय की. न वापरलेली."

 बिरुदेवानं फोन उपडा करून मांडीवर ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता.

आणि अभिमन्यू हसला. फार नाही, एवढंसंच. पाहुण्यांना अवघडू नये म्हणून यजमान हसतो तसं. "मामा जुनं माणूस," तो म्हणाला, "शब्द जरा इकडंतिकडं होतो. मनावर घेऊ नकोस तू."

वैजयंतीनं भावाकडं बघितलं. मथुराबाईंच्या बोटांची आली नव्हती इतकी किळस तिला त्या हसण्याची आली.  

"तुमची दोन लग्नं झालीत," ती बिरुदेवाला म्हणाली. "मग तुम्ही कितीदा वापरलेले?"

"पुरुषाला काय हुतंय!" मथुराबाई कडाडल्या. "जिभेला काय हाड हाय का न्हाय?"

"मी दोन वर्षं नातेपुत्याला नांदले," वैजयंती म्हणाली. "पाचव्या महिन्यात माझं लेकरू गेलं. तुम्हाला जे वळ शोधायचे होते ते आहेत माझ्या पोटावर. दाखवणार नाही."

"म्हंजे फसवलं की तुमी आमाला!" मथुराबाई चनमल्लप्पांकडं वळल्या. "ही असली माणसं व्हय तुमच्या मंडळात?"

"फसवलं," वैजयंती म्हणाली. "हे मात्र खरं आहे. मेळाव्यात मान मीच हलवली होती."

पुढं तिला बोलायचं होतं बरंच. पण तेवढ्यात वहिनी पुढं आल्या. त्यांनी चहाचा ट्रे टेबलावर ठेवला नाही, कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर ठेवला, आणि एकेकाच्या हातातून पोह्यांच्या बश्या काढून घ्यायला लागल्या. मामांचा चमचा हवेत होता.

"अगं, खातुया की अजून."

"गाडी चुकेल तुमची," वहिनी म्हणाल्या, आणि बशी घेऊन आत गेल्या.

माणसं गेल्यावर अभिमन्यूनं तोंड सोडलं. चारचौघांत तोंडाला काळं फासलंस म्हणाला, मंडळात आता कुणी उभं करणार नाही म्हणाला, एवढी धावपळ कुणासाठी केली म्हणाला. वैजयंतीनं सगळं ऐकून घेतलं.

"मामा तसं बोलला, तेव्हा तू हसलास," ती म्हणाली.

"मग काय करायचं होतं मी? मारामारी?"

 काय करायला हवं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की हसायला नको होतं. ती मोरीत गेली आणि कंबर साबणानं घासत बसली. कातडी लाल झाली तरी मिश्रीचा वास जाईना. वास खरं तर केव्हाच गेला असणार. तिला मात्र येत राहिला, दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरसुद्धा. मोहोळला एका पोराला उलटी झाली, तेव्हा पहिल्यांदाच ती नाकाला पदर लावून दारात जाऊन उभी राहिली. शेखलालचाचा स्वतः खाली उतरले आणि बादली आणली.

चनमल्लप्पांचा फोन आला तेव्हा ती डेपोत हिशेब देऊन बाहेर पडत होती. "झालं गेलं विसरून जा ताई," ते म्हणाले. "तुमची कॅटेगरी बदलून टाकतो. सेकंडमध्ये पण एक-दोन बरी स्थळं आहेत. रागावू नका, धंद्याची भाषा असते ती."

"माझं नाव काढून टाका," ती म्हणाली.

"मग लग्न करायचंच नाही का?"

"तुमच्याकडून नाही."

घरात भाऊ-बहीण बोलेनासे झाले. तो जेवून उठला की ती पान वाढून घ्यायची. वहिनी दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करायच्या आणि कंटाळायच्या. वैजयंतीनं डेपोजवळ एक खोली बघून ठेवली. वहिनींना सांगितलं, भावाला नाही.

मग एका दुपारी गाडी परतीच्या वाटेवर मोहोळला थांबली आणि अभिमन्यू वर चढला. रोज तो स्कूटरनं जा-ये करायचा, एसटीत कधी बसायचा नाही. पुढं जागा होती, तरी तो मागं आला आणि कंडक्टरच्या सीटशेजारी बसला.

"सोलापूर एक," तो परक्या माणसासारखा म्हणाला.

तिनं मशीनमधून तिकीट काढून दिलं. त्यानं ते घडी घालून खिशात ठेवलं. गाडी हायवेला लागली. 

"मुलगा होता का मुलगी?" अभिमन्यूनं विचारलं.

आधी तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं त्याच्याकडं वळून बघितलं. पाच वर्षं एका छताखाली काढली होती. एका ताटात नसेल, पण एका पातेल्यातलं जेवले होते.

"मुलगी."

"तू बघितलीस?"

"बघितली. नर्सनं दाखवली."

  त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं. वैजयंतीच्या मनात अजून त्याचं ते हसू होतं, ते एवढ्यानं जाणारं नव्हतं. खोलीचं त्याला आत्ता सांगावं का, असं तिला वाटून गेलं. मग वाटलं, सांगू. घरी गेल्यावर सांगू, जेवताना, आपल्याच तोंडानं.

लांबोटी आली. चिवड्याच्या पिशव्या घेऊन बायका चढल्या. जागेवरून त्यांची भांडणं सुरू झाली. वैजयंती उठली आणि "तिकीट, तिकीट बोला" करत पुढं गेली.